अंगणवाडीचं अंगण

सकाळचे साडेदहा वाजले की आमच्या अंगणवाडीच्या मागं, लिंबाच्या सावलीत, गुऱ्हाळ सुरू होतं. चुलाण म्हणजे तीन विटा. काहील म्हणजे कडेला चेपलेली जर्मनची परात. रस म्हणजे पाण्यात कालवलेली माती. चार वर्षांची एक मुलगी काठीनं तो रस ढवळत असते आणि मधूनच करवंटीतल्या पाण्यात त्याचा थेंब सोडून बघते. गोळी होते का, हे तिला बघायचं असतं. खरा गुळव्या असंच बघतो. तिच्या घरात कोणी गुळव्या नाही, पण येता-जाता रस्त्याकडेच्या गुऱ्हाळावर तिनं ते पाहून ठेवलं आहे. एक जण पानानं मळी काढतो, दुसरा चुलाणात चिपाडं सारतो. थोडं लांब एक मुलगा कौलाचा तुकडा कानाला लावून बसलेला असतो. तो व्यापारी. "केडगावला काय भाव निघाला?" असं तो मोठ्यानं विचारतो आणि पलीकडचं उत्तर ऐकून घेतल्यासारखा मान हलवतो.

हा खेळ मी कधीच शिकवला नाही. सत्तावीस वर्षांत मुलांच्या कितीतरी पिढ्या माझ्या हाताखालून गेल्या, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकीनं तो आपला आपण उभा केला. आमचा भागच तसा आहे. राहू बेट म्हणजे भीमा आणि मुळा-मुठा यांच्या बेचक्यातला मुलूख. रांजणगाव सांडसला दोन्ही नद्या एकमेकींना मिळतात. पलीकडं शिरूर तालुका, अलीकडं आमचा दौंड. दोन्हीकडं नजर जाईल तिथवर ऊस, आणि ऊस आहे म्हणून गुऱ्हाळं. धुराडं दिसलं नाही असा रस्ता इथं सापडायचा नाही. मूल आधी आई म्हणतं, मग बाबा म्हणतं आणि तिसरा शब्द बहुतेक ट्रॅक्टरचा असतो.

नोकरीच्या दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी घडलेली गोष्ट आहे. असंच गुऱ्हाळ रंगात आलं होतं आणि मी त्यात शिरले. प्रशिक्षण ताजं होतं, उत्साह होता. मला वाटलं, एवढी चांगली संधी वाया का घालवायची? मी खाली बसले आणि विचारलं, "किती ढेपा झाल्या? मोजा बरं सगळ्यांनी." मुलं उभी राहिली. हात मागं बांधून एका सुरात मोजायला लागली. "ढेपेचा आकार कसा आहे?" "गोऽल." "गुळाची चव कशी असते?" "गोऽड." मला फार बरं वाटलं. दैनंदिनीत मी अंकज्ञान, आकारज्ञान, चवीची ओळख असं सगळं भरलं. तेवढ्यात परातीतली माती सुकून तिला भेगा पडल्या होत्या. मोजून संपल्यावर रस ढवळणारी मुलगी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आता खेळू का?"

मी हो म्हटलं, पण तो खेळ काही परत जुळला नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढं चार-पाच दिवसही नाही. मुलं परातीजवळ जायची आणि माझ्याकडं बघायची. मी पुन्हा काही विचारते की काय, ही धास्ती त्यांच्या डोळ्यांत होती. त्या नजरेनं मला जे शिकवलं ते प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. मुलं आधीच मोजत होती. व्यापाऱ्याला ढेपा द्यायच्या म्हणजे मोजाव्याच लागतात. एक ढेप कमी पडली तर भांडण होतं, मग पुन्हा मोजणी होते. मी फक्त त्यांचं मोजणं त्यांच्याकडून काढून घेतलं आणि माझं मोजणं त्यांना दिलं.

तेव्हापासून खिचडीच्या आधीचा एक तास मी मोकळा ठेवला आहे. त्या तासाला मी काही सांगत नाही, विचारत नाही, वाहवाही करत नाही. दाराशी तांदूळ निवडत बसते. डोळे मुलांवर, हात तांदळात. हे सोपं वाटतं, पण पहिली दोन वर्षं मला फार जड गेलं. मोठ्या माणसाला गप्प बसवत नाही.

पालकांना हे पटवणं त्याहून जड. "बाई, पोरगं घरी दिसभर खेळतंयच की, मग तुमच्याकडं कशाला धाडायचं?" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला असेल. विचारणारीचा त्यात काही दोष नाही. ती पहाटे खुरपायला जाते, तिला लेक साहेब झालेला बघायचा आहे. तिच्या जावेचा मुलगा टाय लावून पिवळ्या गाडीतून इंग्रजी शाळेच्या नर्सरीत जातो आणि पाहुण्यांपुढं 'ए फॉर ॲपल' म्हणून दाखवतो. आमचं पोर संध्याकाळी घरी जातं ते नखांत माती घेऊन. दाखवण्यासारखं आमच्याकडं काय आहे? वजन दाखवता येतं, उंची दाखवता येते. मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये दोन्ही भरता येतात. एक मुलगी आज दुसरीचं होऊन आपली पाळी येईपर्यंत थांबून राहिली, हे कुठं भरायचं?

म्हणून मी आयांना सांगत बसत नाही, त्यांना बोलावते. पाटावर बसा, अर्धा तास बघा, बोलू नका. एका आईला तिचाच मुलगा दाखवला होता. घरी, वर्गात, जेवताना, कुठंही दोन मिनिटं बूड टेकत नसे. त्या दिवशी तो चुलाणापुढं जाळ घालायला बसला होता. रस उतू जाईपर्यंत जाळ घालणाऱ्यानं उठायचं नाही, हा त्यांचाच नियम. शेजारी दोघं पकडापकडी खेळत होती, त्याचे पाय शिवशिवत होते, ते मला इथून दिसत होतं. पण तो उठला नाही. खिचडी वाढेपर्यंत बसून राहिला. आई म्हणाली, "ह्यो माझाच हाय का?" लेव व्हिगॉट्स्की नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ साली नेमकं हेच मांडलं होतं, हे मला फार उशिरा एका प्रशिक्षणात कळलं. मूल खेळात स्वतःच नियम धरतं आणि त्या नियमापायी मनाला आवरायला शिकतं, एरवीच्या वागण्यापेक्षा खेळात ते जणू हातभर उंच असतं. त्या माणसानं आमचं गुऱ्हाळ पाहिलं नव्हतं, पण त्याच्या म्हणण्याचा अर्थ मला त्या चुलाणापुढं कळला.

आपल्याकडं हा विचार काही नवा नाही, आणि राहूच्या लोकांना तर त्यासाठी लांब जायचीही गरज नाही. केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, तेव्हा त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलं. जर्मनीत फ्रोबेलनं १८३७ साली लहान मुलांसाठी खेळावर उभी असलेली शाळा काढली होती, त्या परंपरेतलं ते शिक्षण. परत आल्यावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, तिथं त्यांनी ती पद्धत आणली. पुढं दुष्काळात पोरक्या झालेल्या मुली घेऊन त्या केडगावला आल्या. आपल्या दौंड तालुक्याच्या मातीत, सव्वाशे वर्षांपूर्वी, लहान मुलाला खेळातून वाढू द्यायचं हे जाणणारी बाई राहत होती. बाजाराला केडगावला जाते तेव्हा दर वेळी मला हे आठवतं.

आणि 'अंगणवाडी' हा शब्द ज्यांनी दिला त्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीनं मुलांच्या अंगणात जायचं, ही त्यांची कल्पना. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. गवत, शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हीच त्यांची साधनं. विकतच्या महागड्या माँटेसरी साधनांऐवजी आसपास पडलेलं उचलायचं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारनं देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. नाव पोचलं, आहार पोचला, लस पोचली. त्याचं मोल मी कमी लेखणार नाही, कुपोषणातून वर आलेली मुलं मी या हातांनी तोललेली आहेत. पण या नावात 'अंगण' आधी आहे, 'वाडी' नंतर, हे मात्र विसरायला झालं.

दिवाळी झाली की आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीड, पाथर्डी, शेवगाव. कोप्या पडतात, टायरगाड्या उभ्या राहतात, आणि मोठी माणसं पहाटे फडात गेली की मागं राहिलेली लहान पोरं अंगणवाडीत येतात. काही आठ दिवस येतात, काही दोन महिने. टोळी दुसऱ्या फडावर हलली की पट गळतो. गाणी म्हणायला ही मुलं लाजतात, चित्राला हात लावत नाहीत, खडू दिला तर मुठीत धरून बसतात. पण माती दिसली की ती थेट मातीत जातात. तिथं त्यांना कुणी काही विचारत नाही.

एका वर्षीचा प्रसंग मी विसरू शकत नाही. पाच-साडेपाच वर्षांचा एक मुलगा होता, टोळीतला. तो मुकादम झाला. लिंबाचा पाला ओरबाडून त्यानं सगळ्यांना एकेक मूठ दिली आणि म्हणाला, "ही उचल. आता पळून जायचं नाही." आमच्या वस्तीवरच्या बागायतदारांच्या मुलांना उचल म्हणजे काय ठाऊक नव्हतं. एकानं विचारलं. त्यानं सांगितलं, "पैसे आधी घ्यायचे. मग फिटंस्तवर तोडायचं." मुलांना पटलं, त्यांनी पाला घेतला आणि तोडायला बसली. एक मुलगी मात्र उभीच राहिली. "मला नको तुझी उचल. मी नाही येत." त्याला हे नवं होतं. नको म्हणणारं माणूस त्यानं कधी पाहिलं नसावं. तो बराच वेळ तिच्याकडं बघत उभा राहिला, मग त्यानं तिच्यापुढं आणखी दोन मुठी पाला ठेवला. तरी ती हलली नाही. शेवटी तो म्हणाला, "बरं, तू नुसती बस इथं." आणि तिच्याशेजारी जाऊन तोही बसला. मुकादमानं टोळी सोडून दिली होती.

माझ्या हातात डाव होता, खिचडी खाली लागत होती. मला त्या मुलाला जवळ घ्यावंसं वाटलं, त्याच्याशी बोलावंसं वाटलं. मी गेले नाही. ते बोलणं त्यांचं त्यांच्यात झालं होतं. पंधरा दिवसांनी टोळी हलली. तो कुठं असेल, ठाऊक नाही. आज सतरा-अठरा वर्षांचा झाला असेल.

अलीकडं एक नवा खेळ आला आहे, तो माझ्या सुरुवातीच्या वर्षांत नव्हता. बिबट्याचा. उसात बिबट्या राहतो, तिथंच पिल्लं घालतो, फड तुटला की बाहेर पडतो. कुत्री, शेळ्या, वासरं नेतो. शिरूर तालुक्यात पिंपरखेडला २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात लहान मुलं त्याच्या हल्ल्यात गेली, तेव्हा सगळ्या उसाच्या पट्ट्यात घरोघरी दारं दिवस मावळायच्या आत लागायला लागली. मुलांचं संध्याकाळचं खेळणं तेव्हाच संपलं. पूर्वी दिवेलागणीपर्यंत लगोरी, विटीदांडू चालायचा. आता पाचलाच हाका सुरू होतात, मूल घरात येतं आणि त्याच्या हातात मोबाइल दिला जातो. आई तरी काय करणार? मोबाइल हातात असला की पोर उंबऱ्याच्या आत राहतं. तिचं भय खोटं नाही. म्हणूनच दिवसाउजेडी, माणसांच्या नजरेखाली मिळणारा तो एक तास आता पूर्वीपेक्षा मोलाचा झाला आहे. कित्येक मुलांच्या दिवसात तेवढाच उघड्यावरचा तास उरलेला आहे.

तर मुलं बिबट्या खेळायला लागली. एक बिबट्या, बाकीच्या शेळ्या, दोघं बॅटरी घेतलेली माणसं. एका आजीनं येऊन मला चांगलंच सुनावलं. "असलं अभद्र खेळू देऊ नगा बाई, खेळता खेळता खरं हुतं." मीही दोन दिवस घाबरले, खेळ बंद करावा का असं मनात आलं. पण ज्या मुलीच्या घरच्या गोठ्यातून बिबट्यानं शेळी नेली होती तिच्याकडं माझं लक्ष होतं. पहिल्या दिवशी ती माझ्या पदराला धरून बसली. दुसऱ्या दिवशी दारात. मग पायरीवर. रोज थोडी पुढं. पाचव्या-सहाव्या दिवशी मुलं बिबट्या कुणी व्हायचं यावरून भांडत असताना ती उठली आणि म्हणाली, "मी पिंजरा होते."

वन खात्याचा पिंजरा तिनं घराशेजारी लावलेला पाहिला होता. तिनं एका मैत्रिणीला समोर उभं केलं, दोघींनी हात गुंफले, आत एक शेळी बसवली आणि बिबट्याला सांगितलं, "ये." तो आत शिरला आणि दोघींनी हात धाडकन खाली आणले. मग ती जी हसली! त्या घटनेनंतर ती एवढ्या मोठ्यानं हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली. पुढं आठवडाभर ती पिंजराच होत होती. तिला समजावून सांगायला मी कितीतरी शब्द जुळवून ठेवले होते. त्यातला एकही लागला नाही.

मोकळा खेळ म्हणजे मुलं सोडून देणं असं कुणी समजू नये. मदतनीस ताई रोज सकाळी आधी विटा उलट्या करून बघतात, खाली विंचू असतो. पाण्याची बादली भरून ठेवत नाही, तांब्यानं पाणी देतो. खिळा, काच, पत्रा, फुटकं प्लास्टिक वेचून काढतो. रस्त्याकडच्या बाजूला कुंपण आहे, कारण हंगामात उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून जातात. एवढं झालं की मग आमचं काम बघण्याचं. भांडण झालं तर लगेच धावायचं नाही. मी मनात वीस मोजते. बहुतेक वेळा विसाच्या आत मुलांनी तोड काढलेली असते. चावा, दगड, डोळ्याजवळ काठी दिसली की मात्र एकही मोजायचा नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. काही वर्षांपूर्वी आमच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. बसवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पावसाळ्यात चिखल होतो, मुलं घसरतात, पाहुणे आले तर बरं दिसत नाही. उद्घाटनाला नारळ फुटला, मीही टाळ्या वाजवल्या. अंगण खरंच सुंदर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मुलं बाहेर आली आणि उभी राहिली. काही वेळ पळाली. दोघांचे गुडघे फुटले. नंतर भिंतीच्या सावलीला बसून राहिली आणि दहा मिनिटांत एक जण येऊन म्हणाला, "बाई, आत जाऊ?" एवढ्या वर्षांत आत जाऊ का असं मला एकाही मुलानं विचारलं नव्हतं. गुऱ्हाळ बंद पडलं. तीन विटा कोपऱ्यात नीट रचून ठेवलेल्या होत्या, परात भिंतीला टेकवलेली होती.

दोन महिने मी ते पाहिलं. मग एका शेतकऱ्याला विनंती केली. त्यांचा नातू आमच्याकडं होता. त्यांनी मळ्यातली एक ट्रॉली काळी माती आणून मागं लिंबाखाली, जिथं ब्लॉक पोचले नव्हते तिथं, ओतली. ट्रॉली वर होऊन माती खाली येताना मुलं कुंपणाला लटकून बघत होती. चालक निघून जायच्या आत ढिगावर सात जण चढलेले होते. दुसऱ्या दिवशी चुलाण मांडलं गेलं.

आता ठिकठिकाणी अंगणवाड्यांच्या नव्या इमारती होत आहेत, भिंतींवर चित्रं रंगवली जात आहेत, टीव्ही लागत आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन वर्षांपासूनची मुलं पायाभूत टप्प्यात घेतली आणि या वयाचं शिक्षण खेळातून व्हावं असं लिहूनही ठेवलं. तेव्हा गावकऱ्यांना, सरपंच-सदस्यांना आणि ग्रामसभेला हात वर करायला बसणाऱ्या प्रत्येक आई-बापाला माझं एवढंच मागणं आहे. अंगणवाडीचं अंगण सगळं फरशीखाली घालू नका. निदान अर्धा गुंठा माती उघडी ठेवा, झाडाच्या सावलीतली. आधीच फरशी झाली असेल तर एक ट्रॉली माती आणून टाका. मळ्यातली चालते, फक्त खडे आणि काचा चाळून घ्या. पावसाळ्यात ढीग खचतो, म्हणून दर दिवाळीला, टोळ्या यायच्या आत, त्यावर पुन्हा भर घाला.

यंदाची माती आमच्याकडं पोचली आहे.